होयरचं द्रावण: नव्या मॉसच्या वर्णनासाठी ही बाटली किती भरवशाची?

एखादं मॉस नवी प्रजाती म्हणून मांडायचं ठरलं की सगळा वाद शेवटी काही मायक्रोमीटरांवर येऊन ठेपतो. पानाच्या मधल्या पेशी 8 मायक्रोमीटर रुंद आहेत की 12? एकेका पेशीवर पॅपिला, म्हणजे ते बारीक उंचवटे, किती? मध्यशिरेच्या आडव्या छेदात जाड भिंतींच्या पेशींचा पट्टा एकाच बाजूला आहे की दोन्हीकडे? पेरिस्टोमच्या, म्हणजे बीजाणूंच्या डबीच्या तोंडाभोवतीच्या कड्याच्या, दातांवर नक्षी कशी? सूक्ष्मदर्शक कुठला घ्यावा यावर तासन्‌तास चर्चा होते, आणि हे सगळं ज्या थेंबात ठेवून बघायचं तो थेंब मात्र कपाटात जी बाटली सापडेल तिच्यातला असतो. म्हणून हे परीक्षण त्या थेंबाचं.

निकाल आधीच सांगून टाकू. मॉससाठी एकच टिकाऊ माध्यम, म्हणजे नमुना स्लाइडवर ज्यात बसवतात ते द्रावण, जवळ ठेवायचं असेल तर होयरचं द्रावणच ठेवावं. मात्र पहिलं निरीक्षण त्यात करू नये, आणि बाटलीवर ‘कायमस्वरूपी’ असं छापलेलं असलं तरी त्या शब्दावर विसंबू नये.

हे द्रावण मूळचं एकोणिसाव्या शतकातलं. ब्रायोफाइटच्या, म्हणजे मॉस आणि त्यांच्या जवळच्या वनस्पतींच्या, अभ्यासकांमध्ये ते रुळलं ते 1954 मध्ये ब्रायोफाइटचे अभ्यासक ल्यूइस अँडरसन यांनी मॉस आणि लिव्हरवर्ट या त्यांच्या चुलत वनस्पतींसाठी त्याची शिफारस केल्यानंतर. त्यांचं प्रमाण आजही तसंच वापरलं जातं: डिस्टिल्ड वॉटर 50 मिलीलीटर, अरबी डिंक 30 ग्रॅम, क्लोरल हायड्रेट 200 ग्रॅम आणि ग्लिसरीन 20 मिलीलीटर. प्रत्येकाचं काम वेगळं आहे. डिंक सुकून कव्हरस्लिप, म्हणजे नमुन्यावरची पातळ काच, धरून ठेवतो, क्लोरल हायड्रेट पेशींतला ऐवज विरघळवून भिंती स्वच्छ दाखवतं, आणि ग्लिसरीन सगळं कडकडीत वाळू देत नाही. यातलं एक जरी कमीजास्त झालं तरी स्लाइड ते लगेच दाखवते. ग्लिसरीन सढळ हाताने ओतलं तर कव्हरस्लिप महिनोन्‌महिने सरकत राहते. डिंक जास्त झाला तर कडा आक्रसतात आणि आत हवेची फट पडते.

विकत घ्यावं की घरी बनवावं? क्लोरल हायड्रेट हे गुंगी आणणारं औषध आहे आणि अनेक देशांत त्याच्या विक्रीवर निर्बंध आहेत. त्यामुळे सुट्ट्या माणसाला ते मिळणं कठीण, आणि संस्थेलाही कागदपत्रं लागतात. तयार बाटली घेणार असाल तर लेबलवर घटक वाचा. क्लोरल वगळून बनवलेली द्रावणंही होयरच्या जवळपास जाणाऱ्या नावांनी विकली जातात. ती वाईट असतात असं नाही, पण पेशी साफ करण्याचं काम ती करत नाहीत, आणि आपण होयर घेतो ते त्याच कामासाठी. चांगलं द्रावण फिकट गवती रंगाचं आणि पारदर्शक असतं, पातळ मधासारखं वाहतं. गर्द तपकिरी झालेली, तळाशी खडे साचलेली किंवा काचकांडीला लागून लांब तार निघणारी बाटली नाकारावी.

बनवायचं असेल तर पहिल्यांदा चौथा हिस्साच करा: पाणी 12.5 मिलीलीटर, डिंक 7.5 ग्रॅम, क्लोरल हायड्रेट 50 ग्रॅम, ग्लिसरीन 5 मिलीलीटर. एवढं द्रावण शेकडो स्लाइडना पुरतं. डिंकाची पूड घेऊ नका, खडे किंवा पापुद्रे घ्या. पूड पाण्यात पडली की तिच्या गुठळ्या होतात आणि त्यांत अडकलेली हवा दिवसेंदिवस निघत नाही. डिंक साध्या तापमानाच्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवायचा, मधूनमधून हलक्या हाताने ढवळायचं, फेटायचं नाही. तो पूर्ण विरघळल्याशिवाय क्लोरल घालू नये. क्लोरल थोडं थोडं घालत जावं आणि भांडं झाकून एकदोन दिवस तसंच ठेवावं. घाई करून बर्नरवर चढवू नका. ग्लिसरीन सगळ्यात शेवटी. मग काचेच्या लोकरीतून किंवा घट्ट विणीच्या कापडातून गाळायचं. गाळणकागदातून हे द्रावण जवळपास उतरतच नाही. हे सगळं धूर खेचणाऱ्या कपाटात आणि हातमोजे घालून करायचं, कारण क्लोरलची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते. बाटली तपकिरी काचेची, बुचालाच काचकांडी जोडलेली असावी. फिरकीचं झाकण डिंकाने असं चिकटतं की उघडताना बाटलीच फुटायची.

आता वापराकडे. सुकलेलं मॉस थेट होयरमध्ये बुडवायचं नाही. एक काडी गरम पाण्यात दोनचार मिनिटं ठेवली की पानं फुलून येतात. मग डिसेक्टिंग, म्हणजे कमी पटीच्या, सूक्ष्मदर्शकाखाली टोकदार चिमट्याने काडीच्या मधल्या भागातली पानं बुडासकट, वरून खाली ओढून काढायची. बूड तुटलं तर पानाच्या कोपऱ्यातल्या पेशी, ज्यांना अलार पेशी म्हणतात, त्या खोडालाच राहून जातात. ब्रायमसारख्या वंशात एकवेळ ते चालेल, पण हिप्नमसारख्यात ओळखच त्या कोपऱ्यावर ठरते.

ही पानं आधी पाण्यात बघा. या परीक्षणातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळवतं याचा अंक, 1.33, होयरचा साधारण 1.48, आणि पेशीभित्तीचा त्याहून थोडासाच जास्त. भिंत आणि भोवतालचं माध्यम यांचे अंक जितके जवळ, तितकी भिंत त्यात विरून जाते. म्हणूनच होयरमध्ये जाड, गच्च पानं काचेसारखी स्वच्छ दिसतात, आणि नेमक्या त्याच कारणाने पातळ भिंतीवरच्या बुटक्या पॅपिला पुसट होतात. पोटिएसी कुळातल्या अनेक मॉसची पानं पाण्यात पाहिली तर पेशीवर दोन टोकांच्या, इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या पॅपिला स्पष्ट उठून दिसतात. तेच पान होयरमध्ये दोन दिवस ठेवून पाहिलं तर पृष्ठभाग खरबरीत आहे, एवढंच कळतं. त्या अवस्थेत ‘पॅपिला अस्पष्ट’ असं वर्णनात लिहिलं गेलं, तर ते मॉसचं वर्णन नसून माध्यमाचं झालं. स्फॅग्नम या मॉसच्या रिकाम्या पेशींची छिद्रंही अशीच हरवतात. ती मेथिलीन ब्लूने रंगवून पाण्यातच बघावीत.

होयरमध्ये पाहताना कंडेन्सरची झडप नेहमीपेक्षा जास्त मिटावी, म्हणजे कडा थोड्या उठतात. फेज कॉन्ट्रास्ट, म्हणजे पारदर्शक गोष्टींच्या कडा उठवून दाखवणारी सोय, असेल तर उत्तमच. 40 पट ऑब्जेक्टिव्हचं (नमुन्याकडच्या लेन्सचं) न्यूमेरिकल अपर्चर, म्हणजे बारकावे वेगळे दाखवण्याच्या क्षमतेचा अंक, साधारण 0.65 असतं, म्हणजे हिरव्या प्रकाशात अर्ध्या मायक्रोमीटरइतके जवळचे दोन बिंदू तो वेगळे दाखवू शकतो. पण त्यासाठी कव्हरस्लिप 0.17 मिलीमीटरची हवी आणि खालचा द्रावणाचा थर पातळ हवा. होयर दाट असल्याने नवशिक्याच्या हातून थेंब मोठा पडतो, पान थराच्या तळाशी जातं आणि चित्र धुकट येतं. मग दोष लेन्सला दिला जातो. 18 मिलीमीटरच्या कव्हरस्लिपला मध्यम आकाराचा एक थेंब पुरे. पानांवर मातीचा एखादा कण राहिला असेल तर कव्हरस्लिप त्या कणावरच टेकते, म्हणून आधी बारीक कुंचल्याने पानं धुऊन घ्यावीत.

फ्युनारिया या मॉसची पानं या द्रावणाची उत्तम परीक्षा घेतात. त्यांच्या पेशी मोठ्या, भिंती अगदी नाजूक. पाण्यातून उचलून थेट दाट होयरमध्ये टाकलं तर पेशींतलं पाणी झपाट्याने बाहेर खेचलं जातं, भिंती आत बसतात आणि पान चुरगळलेल्या प्लॅस्टिकसारखं दिसतं. त्यावर उपाय सोपा आहे: आधी निम्मं होयर आणि निम्मं पाणी अशा थेंबात पान तासभर ठेवायचं, मग टिपकागदाने तो थेंब शोषून पूर्ण होयर घालायचं. नवी बाटली आली की आधी फ्युनारियावर करून बघा, मौल्यवान नमुन्यावर नाही.

याउलट पॉलिट्रिकमसारखी जाड पानं, मध्यशिरेचे छेद आणि खोडाचे छेद यांच्यासाठी होयरला तोड नाही. छेद घेताना पानं ओली करून दोनतीन एकावर एक ठेवावीत, वरून सुईने किंवा दुसऱ्या स्लाइडच्या कडेने दाबावं, आणि दुधारी ब्लेडचं अर्धं पातं खाटकाच्या सुरीसारखं खाली दाबत, कड हळूहळू मागे सरकवत काप काढावेत. वीस काप काढले तर त्यातले चार चांगले निघतात, यात काही वावगं नाही. हे काप पाण्याच्या थेंबात जमवायचे, पाणी टिपायचं आणि मग होयर घालायचं. काप आडवे पडले तर कव्हरस्लिप अगदी हलकेच एका बाजूला सरकवली की ते उभे राहतात. द्रावण दाट असल्यामुळे उभे राहिलेले काप तसेच राहतात. पाण्यात किंवा नुसत्या ग्लिसरीनमध्ये हे सुख नाही.

कॅप्सूलच्या, म्हणजे बीजाणूंच्या डबीच्या, बाबतीत थोडं जपून. पेरिस्टोम दाखवायचा तर तोंडाकडचा भाग आडवा कापून त्या कड्याचे उभे दोन तुकडे करायचे, एक बाहेरची बाजू वर आणि दुसरा आतली बाजू वर ठेवून. दातांची बाहेरची नक्षी आणि आतल्या पडद्याची रचना दोन्ही त्याच स्लाइडवर मिळतात. कोरड्या कॅप्सूलमध्ये हवा घट्ट अडकलेली असते, ती काढायला बरेच जण अल्कोहोलचा थेंब वापरतात. काम होतं, पण अल्कोहोल न धुता होयर घातलं की डिंक साकळतो आणि थेंब दुधासारखा पांढरा होतो. तो पांढरेपणा मग स्वच्छ होत नाही, स्लाइड वाया जाते. अल्कोहोलनंतर पाण्याने दोनदा धुणं हाच इलाज. पानांमधले बारीक बुडबुडे मात्र काळजीचे नाहीत, होयरमध्ये ते एकदोन दिवसांत आपोआप शोषले जातात.

आणखी एक गफलत नेहमी होते ती पोटॅशियम हायड्रॉक्साइडची. डिडिमोडॉन, ब्रायोएरिथ्रोफायलम अशा वंशांत पानावर 2 टक्क्यांचं हायड्रॉक्साइड टाकून पिवळा रंग येतो की लाल, हे बघावंच लागतं. चाचणी झालेलं तेच पान मग सवयीने होयरमध्ये जातं. क्लोरल हायड्रेट अल्कलीत फुटून त्याचं क्लोरोफॉर्म आणि फॉर्मेट बनतं. म्हणजे एकीकडे द्रावणाचा गुण गेला, दुसरीकडे नको ती वाफ आली. रंगाच्या चाचणीचं पान वेगळं ठेवावं, टिपण आणि फोटो तिथल्या तिथे घ्यावा आणि ते पान टाकून द्यावं. पानाचा मूळ हिरवा रंगही होयरमध्ये टिकत नाही, तेव्हा रंगाविषयीची वाक्यं सुक्या आणि ओल्या झाडावरूनच लिहायची.

मोजमापांबद्दल आमचं मत पक्कं आहे: माध्यम ठरवा, ते लेखात नोंदवा आणि तुलनेच्या प्रजातीही त्याच माध्यमात मोजा. नव्या मॉसच्या पेशी पाण्यात आणि जवळच्या प्रजातीच्या पेशी जुन्या होयर स्लाइडवर मोजल्या, तर दिसणारा फरक कुणाचा हे सांगता येत नाही. बीजाणूंच्या बाबतीत तर विशेष काळजी घ्यावी, कारण माध्यमाप्रमाणे ते फुगतात किंवा दबतात. आयपीसमधली मोजपट्टी प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी स्टेज मायक्रोमीटरवर, म्हणजे बारीक मोजपट्टी कोरलेल्या स्लाइडवर, जुळवलेली असली पाहिजे. स्टेज मायक्रोमीटरचा एक भाग 10 मायक्रोमीटरचा असतो. 40 पट ऑब्जेक्टिव्हखाली आयपीसचे 40 भाग जर स्टेजच्या 10 भागांवर बसले, तर आयपीसचा एक भाग 2.5 मायक्रोमीटर. हा आकडा सूक्ष्मदर्शकागणिक बदलतो, दुसऱ्याचा उसना घेऊ नये. पाच वेगवेगळ्या झाडांवरची प्रत्येकी चार पानं, आणि प्रत्येक पानाच्या मध्यातल्या, कडेच्या व बुडाच्या पेशी स्वतंत्रपणे मोजल्या तर वर्णनात मर्यादा देताना हात थरथरत नाही. एकाच झाडावरच्या वीस पानांपेक्षा हे कितीतरी बरं.

इतर माध्यमांशी तुलना केली तर: पाणी निरीक्षणाला सर्वोत्तम, पण अर्ध्या तासात सुकतं. नुसतं ग्लिसरीन सौम्य आहे, नाजूक पेशी त्यात छान राहतात, फक्त ते कधीच घट्ट होत नाही. ग्लिसरीन जेली हा होयरचा खरा प्रतिस्पर्धी. तिच्यात नियंत्रित रसायनाचा त्रास नाही, गरम करून स्लाइड पुन्हा उघडता येते. पण प्रत्येक वेळी वितळवावी लागते, बुडबुडे अडकले की ते तिथेच राहतात, आणि फिनॉल घातलेलं नसेल तर बुरशी धरते. क्लोरल मिळतच नसेल तर जेली घ्या, मोकळ्या मनाने घ्या.

टिकाऊपणाचा प्रश्न नव्या प्रजातीच्या बाबतीत साधा नाही, कारण इथली स्लाइड पुरावा असते. वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार नव्या नावासाठी टाइप नमुना, म्हणजे ते नाव ज्याला कायमचं बांधलेलं असतं तो नमुना, दाखवावा लागतो, आणि 1990 पासून तो कुठल्या हर्बेरियममध्ये (सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ठेवला आहे हेही लिहावं लागतं. 2012 पासून वर्णन किंवा निदान (जवळच्या प्रजातींहून वेगळेपण सांगणारा मजकूर) लॅटिनमध्ये अथवा इंग्रजीत चालतं. एकच नमुना पाकीट आणि स्लाइड अशा दोन रूपांत ठेवता येतो, पण हे दोन्ही एकाच नमुन्याचे भाग आहेत असं त्यांवर स्पष्ट लिहिलेलं हवं. तेवढं लेबल नसेल तर ती स्लाइड होलोटाइपचा, म्हणजे लेखकाने ठरवलेल्या त्या एकमेव टाइप नमुन्याचा, भाग आहे की शेजारच्या पाकिटातली, हे पन्नास वर्षांनी कोण सांगणार? म्हणून होलोटाइपवरून केलेल्या प्रत्येक स्लाइडवर संग्राहकाचा क्रमांक, ‘होलोटाइपचा भाग’ ही नोंद, माध्यमाचं नाव आणि तारीख, एवढं हवंच. तेही पेन्सिलने किंवा न पुसणाऱ्या शाईने. आणि सगळी झाडं स्लाइडवर संपवू नका. होयरमध्ये गेलेल्या पानांवर डीएनएसाठी भरवसा ठेवता येत नाही. त्यासाठी काही काड्या सिलिका जेलमध्ये सुकवून वेगळ्या ठेवाव्यात.

आता त्या ‘कायमस्वरूपी’ शब्दाकडे. कडा बंद न केलेली होयर स्लाइड हवेच्या लहरीवर जगते. दमट हवेत क्लोरल आणि ग्लिसरीन पाणी ओढून घेतात, कव्हरस्लिप घसरते. कोरड्या हवेत कडेपासून आत तडे जातात आणि स्फटिक धरतात. वर्षानुवर्षांनी द्रावण काळवंडलेल्या स्लाइडही हर्बेरियममध्ये सापडतात. हे टाळायला स्लाइड 40 ते 45 अंश सेल्सियसला, अगदी आडवी, आठवडाभर सुकू द्यावी. पहिल्या दोन दिवसांत कडा आत ओढल्या गेल्या तर तिथे काडीने होयरचा बारीक थेंब सोडावा, तो आपोआप आत जातो. पूर्ण सुकल्यावर कव्हरस्लिपच्या कडेने स्वच्छ नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत, पहिला वाळल्यावर दुसरा. ओलसर स्लाइडला पॉलिश लावलं तर ते सुरकुततं आणि खालून सुटतं. पॉलिशलाही काही वर्षांनी तडे जातात, म्हणून टाइप स्लाइड वर्षातून एकदा बाहेर काढून कडा तपासणं गरजेचं.

होयरचा मोठा गुण असा की बिघडलेली स्लाइड बहुधा वाचवता येते, कारण ते पाण्यात विरघळतं. ब्लेडने पॉलिशचं कडं कापून स्लाइड डिस्टिल्ड वॉटरच्या पसरट काचेच्या भांड्यात ठेवावी आणि रात्रभर, जुनी असेल तर दोनतीन दिवस, हात लावू नये. कव्हरस्लिप चिमट्याने उचकटायची नाही. ती आपण होऊन सुटली की पानं आणि काप कुंचल्याने उचलून ताज्या पाण्यात धुवावेत आणि नव्या होयरमध्ये मांडावेत. भांड्यातलं पाणी ओतण्याआधी ते एकदा डिसेक्टिंग सूक्ष्मदर्शकाखाली धरावं, मध्यशिरेचा एखादा काप हमखास तळाशी राहिलेला असतो. नव्या स्लाइडवर पुन्हा मांडल्याची तारीख लिहावी, आणि जुनं लेबल कितीही मळलेलं असलं तरी त्याच पाकिटात ठेवावं.